अबोली इथवर पुरली

"या शहरात सगळं कळणारी माणसं दोनच," भाऊजी म्हणत, "आणि त्यातल्या दुसऱ्याचा मी अजून तपास करतोय."

हे वाक्य ते बहुधा दुसऱ्याच्या नाकावर चष्मा बसवताना म्हणत, कारण ते चष्म्याच्या दुकानात नोकरीला होते. दिवसभर लोकांना नीट दिसायची सोय करायची आणि उरलेल्या वेळात नसलेल्या गोष्टी आपण बघायच्या, अशी त्यांनी आयुष्याची वाटणी केली होती. दुकानातलं एक भिंग कायम त्यांच्या वरच्या खिशात असे. ते डोळ्याला लावलं की त्यांचा डावा डोळा बशीएवढा दिसे आणि लहान मुलं आईच्या मागे लपत. "माझी नजर म्हणजे क्ष-किरण. माझी स्मरणशक्ती म्हणजे लोखंडी कपाट. आणि माझं नाक म्हणजे..." इथे ते थांबत, कारण नाकाला उपमा सुचत नसे. पण नाक चांगलंच मोठं असल्यामुळे ऐकणाऱ्याला मुद्दा पोहोचे.

बाकीचे गुप्तहेर माणसांच्या मागे लागतात. भाऊजी इमारतींच्या मागे लागत. "माणूस खोटं बोलतो," ते म्हणत. "भिंतीचं तसं नाही. भिंतींना कान असतात हे शेंबड्या पोराला माहीत आहे. पण ज्याला कान असतात त्याला तोंडही असणार, इथवर फक्त मी आलो."

तिथवर आल्यापासून जुन्या बाजारातली एकही इमारत सुखाने उभी राहू शकली नव्हती. औषधवाल्याच्या छताला त्यांना दोन लोखंडी कड्या दिसल्या आणि इथे पूर्वी फाशी देत असत असं त्यांनी भर गर्दीच्या वेळी जाहीर केलं. औषधवाल्याची आई आतून म्हणाली, "अहो, त्या कड्यांना पाळणा होता. हाच झोपायचा त्यात." आणि तिने पन्नाशीच्या औषधवाल्याकडे बोट दाखवलं. भाऊजींनी निष्कर्ष मागे घेतला नाही. ते औषधवाल्याकडे भिंगातून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "वाचलात."

अशा माणसाला सहायक लागतोच, आणि तो मिळायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे लग्न. भाऊजींना बायकोबरोबर तिचा धाकटा भाऊ मिळाला होता. घरात त्याला सगळे बाळ्या म्हणत. भाऊजी मात्र त्याची ओळख "आमचे सहायक" अशी करून देत, आणि लोक म्हणत, "म्हणजे मेहुणाच ना?"

बाळ्याला गुप्तहेरगिरीत काडीचा रस नव्हता. त्याला फोटोंच्या फ्रेमा करायच्या होत्या. त्यासाठी त्याने हार्डवेअरच्या दुकानातली बरी नोकरी सोडली होती आणि पट्ट्या तिरक्या कापायचं यंत्र घेतलं होतं. नव्हती ती फक्त जागा. त्यामुळे लाकडाच्या लांबलचक पट्ट्या, काचा आणि ते यंत्र सगळं ताईच्या, म्हणजे भाऊजींच्याच, घरात आलं होतं. बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरात जायला माणसाला खेकड्यासारखं आडवं चालावं लागे. ताई एक शब्द बोलत नसे, पण ती ज्या पद्धतीने आडवी चालत असे त्यात सगळं आलं.

शेवटी जुन्या बाजारातल्या एका दुमजली इमारतीत जिन्याशेजारची खोली मिळायची चिन्हं दिसली. इमारतीच्या मालकीणबाई वरच्या मजल्यावर एकट्या राहत. सगळी गल्ली त्यांना काकू म्हणे. काकूंना नाही म्हणता येत नसे, हा त्यांचा एकमेव दुर्गुण होता. इमारत पाडून तिथे उंच काहीतरी उभारायची इच्छा असलेला एक बिल्डर किती तरी वर्षं त्यांच्याकडे येत होता, आणि काकू त्याला दर वेळी चहा देऊन "बघू" म्हणत होत्या. बाळ्यालाही त्या "बघू"च म्हणाल्या, पण पुढे म्हणाल्या, "तो जिना आणि खालचा बोळ जरा साफसूफ करून घे. माणसांत आल्यासारखं दिसू दे. मग तुलाच देते खोली. दुकान चालतंय म्हटल्यावर त्या बिल्डरलाही सांगता येईल मला, की आता भाडेकरू आहे."

बाळ्याने त्याच दिवशी झाडू उचलला. जिन्याच्या पायथ्याशी भिंतीवर एक भलामोठा लाकडी फळा ठोकलेला होता. त्यावर कधीतरी सूचना लावत असावेत. आता फक्त खिळे आणि कोळ्यांची वस्ती होती. तो एकट्याने निघेना. तेव्हा बाळ्याच्या हातून त्या महिन्यातली सगळ्यात मोठी चूक झाली. त्याने भाऊजींना मदतीला बोलावलं.

फळा निघाला. मागे भिंत होती. ती असणार असा बाळ्याचा अंदाज होता. धूळ, ओल आणि जुन्या वर्षांनी ती उकळलेल्या चहाच्या रंगाची झाली होती. मधोमध, साधारण छातीच्या उंचीला, सुताराच्या जाड पेन्सिलीने ओढलेली एक आडवी रेघ होती. आणि रेघेच्या वर, ठसठशीत अक्षरात:

दोन हात दिले.
अबोली इथवर पुरली.
मालकांना कळवणे.

भाऊजींनी खिशातून भिंग काढलं. काढताना त्यांचा हात थरथरत होता, पण तो फळा उचलल्यामुळे.

"बाळ्या," ते म्हणाले, "कशाला हात लावू नकोस."

"भाऊजी, मी आत्ताच सगळं झाडूने पुसलंय."

"म्हणजे खुन्याचे ठसे गेले. हरकत नाही. मला ठशांची गरज लागत नाही." त्यांनी डोळा भिंतीला इतका जवळ नेला की नाक आधी पोहोचलं. "अबोली. नाव लक्षात घे. अबोली म्हणजे काय? जी बोलत नाही ती. का बोलत नाही? कारण तिला काहीतरी माहीत आहे. आणि जिला माहीत आहे, तिला पुरतात. सगळं सरळ आहे."

"आणि बोलली असती तर?"

"तरी पुरली असती. फक्त नाव वेगळं असतं."

बाळ्याने झाडू खाली ठेवला. इतक्या वर्षांत त्याला एक कळलं होतं की भाऊजींना प्रश्न विचारून थांबवता येत नाही. प्रश्न म्हणजे त्यांच्या गाडीला उतार. तरी त्याच्याने राहवेना.

"पण भाऊजी, रेघ छातीशी आहे. 'इथवर पुरली' म्हणजे जमिनीच्या वर? जमिनीच्या वर माणूस कसा पुरतील?"

भाऊजी हसले. शिष्याने योग्य जागी अडखळावं तेव्हा गुरू हसतो तसं.

"तेव्हा जमीन वर होती."

"कुठे?"

"छातीशी. ही सगळी गल्ली त्या काळी इथे होती." त्यांनी हात आडवा धरून दाखवला. "शहर खाली बसलंय, बाळ्या. दर वर्षी थोडं थोडं. कुणाच्या लक्षात येत नाही, कारण माणसंही बरोबर खाली जातात."

"आणि हा जिना?"

"तो शहराबरोबर खाली आला. पायरी पायरीने."

बाळ्याने नुसतं पहिल्या ओळीकडे बोट दाखवलं. "दोन हात दिले?"

"हां. इथे खरी मेख आहे." भाऊजी बोळात येरझाऱ्या घालू लागले. बोळ अरुंद असल्यामुळे ते जागच्या जागी वळल्यासारखे दिसत होते. "शत्रूशी दोन हात *करतात*. इथे केलेले नाहीत, *दिले* आहेत. हात कधी देतात? मदतीला. म्हणजे खुन्याला कुणीतरी मदत केली. किती जणांनी? हात दोन. एका माणसाला हात किती?"

"दोन."

"म्हणजे साथीदार एक! आकडेमोड खोटं बोलत नाही. आणि आता शेवटची ओळ बघ. 'मालकांना कळवणे.' काम झालं, आता वर कळवा. सूत्रधार कोण? मालक!"

"कोण मालक?" असा आवाज वरून आला.

काकू जिन्यात उभ्या होत्या. हातात चहाचे दोन कप होते. त्या बहुतेक "तेव्हा जमीन वर होती"पासून तिथे असाव्यात, कारण चहावर साय धरली होती.

"काकू, घाबरू नका," भाऊजी म्हणाले. "आपल्या घराण्यात खुनी निघालाय."

बाळ्याने डोळे मिटून घेतले.

"पण घाबरायचं कारण नाही," भाऊजी पुढे म्हणाले, "कारण तो आता हयात नसणार. अक्षराच्या वळणावरून हे आपल्या आजेसासऱ्यांच्या काळातलं दिसतंय."

"आमचे आजेसासरे?" काकूंनी दोन्ही कप पायरीवर ठेवले. "अहो, त्यांनी कधी झुरळ मारलं नाही. दिवसभर आरामखुर्चीत पडून असायचे म्हणे."

"तेच! कळवणे, असं लिहिलंय. कळवणार कुणाला? जो जागचा हलत नाही त्याला."

काकू हळूहळू पायरीवर बसल्या. "पण अबोली नावाचं आमच्यात कुणी नव्हतं हो," त्या म्हणाल्या. "अबोला होता. सासूबाई आणि आत्याबाई बारा महिने बोलत नसत. पण अबोली..."

"नाव पुसलं जातं, काकू. माणूस पुरला की नाव टिकत नाही. भिंतीवर मात्र टिकतं." एवढं बोलून भाऊजी खाली वाकले आणि एकदम ताठ झाले. "बाळ्या! रेघेच्या खाली बघ. खालची भिंत तांबूस आहे. वरची नाही."

बाळ्याने पाहिलं. मळाखाली खरंच किंचित तांबूसपणा होता, आणि तो रेघेपाशी थांबला होता.

"रक्त," भाऊजी म्हणाले. "फिकं पडलंय, पण रक्तच. वर का नाही? कारण रक्त वर चढत नाही."

ते अगदी शांतपणे बोलले, आणि काकूंना त्या शांतपणाचीच भीती वाटली. त्या उठल्या, भिंतीपासून अंग चोरत वर गेल्या, आणि थोड्या वेळाने त्यांचा फोनवरचा आवाज खाली ऐकू आला. "हो, आजच या. आत्ता या. नाही, बघू नाही. घेऊन टाका. मला रोज त्या बाईवरून खाली-वर करायचं व्हायचं नाही."

फ्रेमांचं दुकान उघडायच्या आधीच बंद होत होतं, आणि तेही कधी नसलेल्या एका बाईच्या खुनाच्या आरोपाखाली.

"भाऊजी, तुम्ही आत्ता वर जाऊन काकूंना सांगा की असं काही नसेल."

"नसेल कसं? लिहिलंय की!"

"पण त्या इमारत विकतायत! बिल्डर पाडणार सगळं!"

"पाडू दे," भाऊजी म्हणाले. "सापळा बाहेर निघेल." मग त्यांना मेहुण्याचा चेहरा दिसला, आणि कधी नव्हे तो भिंगाशिवाय दिसला. ते जरा ओशाळले. "तुझी खोली. हां. हे माझ्या लक्षातून... पण बाळ्या, सत्य म्हणून काही आहे की नाही?"

"आहे की. पण ते दुसऱ्या कुणाच्या तरी इमारतीत शोधलं असतं तर!"

बिल्डर आला तो हातात मोजपट्टी घेऊनच आला. इतक्या वर्षांच्या "बघू"नंतर "आत्ता या" ऐकल्यावर त्याने पायताणसुद्धा नीट घातलं नव्हतं. टाच बाहेरच होती. काकू वरच्या पायरीपर्यंत आल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "घ्या सगळं. फक्त तिला आधी काढा."

"कुणाला?" बिल्डर म्हणाला.

बस्स. भाऊजींना एवढंच हवं होतं. त्यांनी बिल्डरला भिंतीसमोर उभं केलं, हातात भिंग दिलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. अबोली. साथीदार एक, हात दोन. सूत्रधार आरामखुर्चीत. बिल्डर आधी हसला. मग तांबूस भिंतीकडे बघून हसायचा थांबला. मग त्याने मोजपट्टी हळूच खिशात घातली.

"म्हणजे पाया खणताना ती... निघेल?"

"निघणारच," भाऊजी म्हणाले. "उभी निघेल."

"मग पोलीस येतील."

"पोलीस आधी. मग इतिहास संशोधक. ते आले की फावडं चालत नाही, ब्रश चालतो. दात घासायचा. सगळी माती ब्रशने काढतात."

"सगळी?"

"जमीन छातीशी होती म्हटल्यावर फक्त या इमारतीखालची नाही. गल्लीच काढावी लागेल."

बिल्डरच्या कपाळावर घाम आला. "काम किती थांबेल साधारण?"

"इतिहासाला घाई नसते," भाऊजी म्हणाले.

बाळ्या बोळाच्या तोंडाशी उभा राहून हे ऐकत होता. त्याला हळूहळू एक विचित्र गोष्ट जाणवू लागली. बिल्डर मागे सरकत होता. अगदी खरोखर, पावलाने. ज्या अबोलीमुळे खोली जात होती, तीच अबोली आता बिल्डरला हाकलत होती. पण त्याने करायचं काय? बिल्डर गेला तरी काकू इथे राहणार नाहीत. आज याला नाही तर उद्या दुसऱ्याला विकतील.

तेवढ्यात रस्त्यावरून ताई आली. तिच्या काखेत अर्धवट विणलेला स्वेटर होता आणि सुया तशाच अडकलेल्या होत्या. घरात पट्ट्यांमुळे बसायला जागा नाही, म्हणून ती हल्ली चालता चालता विणायची.

"बाळ्या, जरा सरळ उभा राहा," ती म्हणाली आणि स्वेटर त्याच्या अंगाला लावला. निळा भाग बरोबर छातीशी संपत होता. तिने तिथे बोट ठेवलं. "हे बघ, निळी इथवर पुरली. वरती करडी लावू की तुला चालणार नाही?"

बाळ्याने ताईच्या बोटाकडे बघितलं. मग आत बोळात भिंतीकडे बघितलं, तिथल्या रेघेकडे बघितलं, आणि मग परत बोटाकडे.

निळी इथवर पुरली.

आतून भाऊजींचा आवाज आला. "निळी? कोण निळी?"

"अहो, निळी म्हणजे..." ताईने तोंड उघडलं.

"म्हणजे दुसरी!" भाऊजी ओरडले. "बिल्डरसाहेब, दोन आहेत!"

"दोन?" बिल्डरचा आवाज चिरका झाला.

"अहो, लोकर..." ताई म्हणाली.

"आडनाव लोकर. बाळ्या, लक्षात ठेव!"

ताईने नवऱ्याला समजावायला पुन्हा तोंड उघडलं, पण तोवर बाळ्याने स्वेटर उचलून तिच्या डोक्यावरून घातला होता. आतून काहीतरी अस्पष्ट, पण भावाविषयीच, ऐकू आलं. बिल्डर भाऊजींच्या हातात भिंग कोंबून दोघांच्या शेजारून घाईघाईने बाहेर पडला. डोक्यापासून गळ्यापर्यंत निळ्या लोकरीत बुडालेल्या बाईकडे त्याने एकदा पाहिलं आणि त्याची दुसरी टाचही पायताणाबाहेर आली.

"काकूंना सांगा, मी फोन करतो," तो रस्त्यावरून म्हणाला. "म्हणजे, करेन. म्हणजे... बघू!"

तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत बाळ्या थांबला. मग त्याने ताईला स्वेटरातून मोकळं केलं.

"अक्कल गहाण ठेवलीस का? सुई डोळ्यात गेली असती!"

"ताई, तू आत्ता काय म्हणालीस ते काकूंसमोर म्हण."

"अक्कल गहाण ठेवलीस का?"

"त्याच्या आधीचं."

ताईने पुन्हा म्हटलं. बाळ्याने बादलीत फडका बुडवला आणि भिंत घासायला सुरुवात केली. भाऊजी "पुरावा! पुरावा!" म्हणत आडवे आले, तर ताईने त्यांच्या हातात स्वेटर दिला आणि "धरा" म्हणाली. लग्नापासून ते तिने दिलेलं धरत आले होते. आत्ताही त्यांनी धरलं.

मळ ओघळला. रेघेखालून एक मऊ, तांबूस-केशरी रंग वर आला, जुन्या भिंतीवर शोभणार नाही इतका लाडिक. रेघेच्या वर नुसता पांढरा चुना होता.

"अबोली," ताई म्हणाली. "किती गोड रंग आहे हो."

काकू दोन पायऱ्या खाली आल्या.

"रंग मारणाऱ्या माणसाने लिहिलंय, काकू," बाळ्या म्हणाला. "भिंतीला दोन हात दिले. रंगाचे. अबोली इथवर पुरली, म्हणजे पुढे संपली. मालकांना कळवणे, म्हणजे आणखी आणायला सांगा."

काकू भिंतीकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर एक मोठ्ठं, जुनं कोडं सुटल्यासारखं काहीतरी दिसलं.

"आणणार कुठला तो म्हातारा!" त्या म्हणाल्या. "आमचे आजेसासरे म्हणजे असे चिक्कू, की काडेपेटीतली काडी उभी चिरायचे. पुरवून पुरवून वापरा, हा त्यांचा मंत्र. सासूबाई सांगायच्या, जिन्याखालचा रंग अर्धा राहिला म्हणून आत्याबाईंनी तोंड केलं, तर त्यांनी वर फळा ठोकून दिला. मला वाटायचं सासूबाई उगाच सांगतात."

"पण भाषा!" भाऊजी म्हणाले. स्वेटर अजून त्यांच्या हातात होता. बुडत्याने ओंडका धरावा तसं त्यांनी व्याकरण धरलं. "रंग पुल्लिंगी आहे. रंग *पुरला* असं लिहायला हवं होतं. *पुरली* म्हटल्यावर कुणीही बाईच समजेल!"

"मी नुसतं निळी म्हटलं तरी तुम्हाला बाई दिसली," ताई म्हणाली. "रंगाऱ्याला कशाला बोल लावता?"

भाऊजी पायरीवर बसले. शेजारी काकूंनी ठेवलेला चहा होता. तो त्यांनी सायीसकट पिऊन टाकला. "मला संशय होताच," ते म्हणाले, पण त्यात नेहमीचा जोर नव्हता.

"मग काकू, खोली?" बाळ्याने विचारलं.

"घे की. माझ्या घरात मढं नाही म्हटल्यावर मी कशाला विकतेय?" काकू हसल्या, आणि हसता हसता एकदम थांबल्या. "पण एक आहे हो. त्या बिल्डरला कळलं की हा नुसता रंग होता, तर उद्या सकाळी मोजपट्टी घेऊन दारात. आणि मी त्याला तोंडावर 'नाही' म्हणू शकत नाही. आज तर 'घेऊन टाका' म्हणून बसलेय. तो शब्दात पकडेल मला."

सगळ्यांनी भाऊजींकडे पाहिलं.

भाऊजी आधीच उठले होते आणि शर्ट झटकत होते. "असं कसं? प्रकरण सुटलंय! इतक्या वर्षांत पहिल्यांदा पुराव्यासकट सुटलंय! हे बाजारात कळायला नको?"

"नको," ताई म्हणाली.

"म्हणजे लोक विचारतील, तेव्हा मी काय सांगू? सुटलं नाही म्हणून? मी?"

"अहो," ताई म्हणाली. ती मोठ्याने बोलली नाही. "मी किती महिने घरात आडवी चालतेय, हे भिंगातून दिसलं नाही का कधी?"

भाऊजींनी भिंग खिशात घातलं आणि खिशाचं बटण लावलं. त्या बटणाचा उपयोग बाळ्याने पहिल्यांदाच पाहिला.

फ्रेमांचं दुकान सुरू झालं आणि ताई सरळ चालू लागली. बाजारात अबोलीचा बोलबाला झाला. लोक फ्रेम करायला येत आणि जिन्यापाशी जरा दबकून उभे राहत. "तपास कुठवर आला?" असं कुणी विचारलं की भाऊजी "चालू आहे" म्हणत आणि घशात काहीतरी अडकल्यासारखा चेहरा करत. आजवर उत्तर माहीत नसताना त्यांनी ते बाजारभर सांगितलं होतं. आता माहीत होतं तर तोंडाला कुलूप होतं. रात्री झोपेत ते कुशीवर वळून "रंग, रंग" म्हणतात, असं ताई सांगायची.

एके दिवशी बाळ्या चष्म्याच्या दुकानात अक्षरांचा तक्ता फ्रेम करून लावायला गेला होता. तक्ता टांगून झाला होता आणि तो स्टुलावर चढून शेवटचा खिळा ठोकत होता, तेवढ्यात बिल्डर आत आला. त्याला लांबचं दिसेनासं झालं होतं. भाऊजींनी त्याला खुर्चीत बसवलं आणि नाकावर तपासणीची जड चौकट चढवली.

"खालची ओळ वाचा."

बिल्डरने ओळ वाचली नाही. काचांमागून त्याने भाऊजींकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "साहेब, ते राहिलंच. काही लागलं का हाताला? मी अजून त्या जागेचा विचार सोडलेला नाही. प्रकरण मिटलं असेल तर सांगा."

बाळ्याचा हातोडा हवेतच राहिला. त्याला भाऊजींची पाठ दिसत होती. मान ताठ झाली, कान लाल झाले. उत्तर आत उकळत होतं आणि झाकण उडणार हे स्टुलावरून स्पष्ट दिसत होतं.

"सांगा ना," बिल्डर म्हणाला. "कुणी मारलं तिला?"

भाऊजींनी एक काच काढून दुसरी घातली. मग अगदी सावकाश म्हणाले, "अबोली रंगाऱ्याने मारली."

बाळ्याने हातोडा हळूच खाली घेतला.

"रंगाऱ्याने!" बिल्डर पुटपुटला. "नक्की?"

"शंभर टक्के. दोन वेळा मारली."

"अरे बाप रे. आणि मालकाने काहीच केलं नाही?"

"केलं ना. वरून फळा ठोकला."

बिल्डरने अंग आकसून घेतलं. "नको ती जागा," तो म्हणाला. "खरंच नको. वाचवलंत तुम्ही." आणि तो मुकाट्याने खालची ओळ वाचू लागला. सगळी अक्षरं चुकली.

त्या दिवशी भाऊजींनी आयुष्यात पहिल्यांदा एका प्रकरणाचं संपूर्ण खरं उत्तर दिलं, आणि ऐकणाऱ्याचा नेहमीसारखाच गैरसमज झाला.